पाइपातलं शिळं पाणी : जुन्या ठाण्यातल्या घरांत शिसं कुठून येतं

चरईत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. इमारत 1968 सालची, तीन मजली, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर त्या, नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा राहतात. त्यांना पुन्हा दिवस गेले आहेत. सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला पहिलं पाणी किंचित लालसर येतं. अमेरिकेतल्या नणंदेने फोनवर सांगितलं, जुन्या घरांच्या पाण्यात शिसं असतं, मुलांच्या मेंदूला अपाय होतो, ताबडतोब तपासून घे. पाठोपाठ प्युरिफायर विकणारा आला. त्याने मीटर पाण्यात बुडवून 94 हा आकडा दाखवला आणि म्हणाला, पाणी छान आहे, तरीही आरओ बसवा. ताई विचारतात : शिसं खरंच असेल का, ते कळणार कसं, आरओ घ्यावा का, आणि सोसायटी पाइप बदलायला तयार नसेल तर काय करायचं?

ताई, आधी त्या मीटरचं बघू, म्हणजे निदान एक माणूस तरी चर्चेतून बाहेर जाईल. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून अंदाजे किती आहेत ते सांगतो. तुमच्याकडे ते लिटरला 94 मिलिग्रॅम आहेत. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे आयएस 10500. त्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि त्यापुढे सवलत नाही. आता हिशेब करा. 94 रुपयांची चिल्लर ओट्यावर ओतली आहे आणि त्यात एक पैसा जास्त आहे की नाही ते शोधायचंय. तो मीटर फक्त अख्खे रुपये मोजतो. शिसं मर्यादेच्या पाचपट असलं तरी तो 94 च दाखवणार. पाण्याला रंग, वास, चव यातलंही काही येणार नाही. लालसर रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. शिशाचा नाही, पण त्याचा शिशाशी संबंध आहे. त्यावर पुढे येतो.

नणंदबाईंचं अर्धं बरोबर आहे. धोका जुन्या घरात असतो, हे खरं. पण अमेरिकेतल्या जुन्या शहरांत रस्त्यावरच्या मेन लाइनपासून घरापर्यंतचा पाइपच मुळात शिशाचा असायचा. तिथे 1986 मध्ये कायद्याने नवे शिशाचे पाइप बंद झाले, जुने मात्र अजून लाखो घरांना आहेत. आपल्याकडे तसा पाइप क्वचितच सापडतो. पाणी तपासण्याच्या पंचवीसेक वर्षांच्या कामात मी तो दोनदाच हातात घेतला, आणि त्यातला एक नौपाड्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या हौदाला होता, पिण्याच्या नळाला नव्हताच. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इकडे भिंत फोडू नका. आपलं दुखणं वेगळ्या जागी आहे.

ठाण्याला पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांमधून येतं. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि एमआयडीसी यांच्याकडून पाणी घेतलं जातं, थोडं मुंबई महापालिकेकडूनही मिळतं. टेमघरसारख्या शुद्धीकरण केंद्रांत तुरटी, गाळणी, क्लोरीन असे सगळे सोपस्कार होऊन ते शहरात येतं. पलीकडे नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन जातं. या शुद्ध केलेल्या पाण्यात शिसं सापडणं ही माझ्या अनुभवात जवळपास न घडणारी गोष्ट आहे. म्हणून महापालिकेचा अहवाल ‘पाणी पिण्यायोग्य’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो फक्त तुमच्या नळाबद्दल बोलत नसतो. शिसं पाण्यात मिसळतं ते इमारतीच्या फाटकापासून तुमच्या ओट्यापर्यंतच्या प्रवासात, आणि बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा-वीस फुटांत. म्हणूनच एकाच इमारतीत शेजारच्या घरात काही निघत नाही आणि तुमच्याकडे निघतं. ‘ठाण्याच्या पाण्यात शिसं आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर असतं ते नळागणिक.

यात आपल्या पाण्याचाही थोडा हात आहे. सह्याद्रीत पडलेला पाऊस काळ्या कातळावरून धरणात येतो. त्यात चुन्याचे क्षार फार नसतात. पाणी मऊ असतं, साबणाला फेस भरपूर येतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढत नाही. नगर-सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी जे पांढरं किटण जमतं, त्याला आपण नावं ठेवतो, पण पाइपाच्या आत तेच किटण धातूवर अस्तर घालतं. मऊ पाण्याकडे असं अस्तर घालायला काही नसतं. ते धातूला थेट भिडतं आणि हळूहळू खातं. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की केंद्रात तुरटी जास्त लागते, त्यात पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्लाला तोंड द्यायची ताकद, खर्ची पडते आणि हा खादाडपणा आणखी वाढू शकतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 साली झालं ते मुळात हेच. पाइप तेच जुने होते. पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्याने पाइप खाल्ला जाऊ नये म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही, आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेलं शिसं घराघरांत उतरलं.

आता तुमच्या घरात शिसं लपायला जागा कुठे आहेत?

1968 च्या इमारतीत पाणी जीआय पाइपातून येत असणार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून. फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक पाइपाला लावून बघा. चिकटलं तर लोखंडी. ज्या जस्ताचा मुलामा द्यायचे ते जुन्या काळी शुद्ध नसायचं, त्यात शंभरात एक भागापर्यंत शिसं असू शके. मुलामा झिजतो तसं ते सुटतं. पुढे जस्त संपून लोखंड उघडं पडतं आणि गंजाचे पापुद्रे धरतात. हे पापुद्रे स्पंजासारखे वागतात. पाण्यातून जाणारं शिसं वर्षानुवर्षं धरून ठेवतात, आणि एक दिवस पाण्याचा जोर वाढला, पाइपाला धक्का लागला की कणांच्या रूपात सोडून देतात. लालसर पाण्याचा शिशाशी संबंध तो एवढा. गंज म्हणजे शिसं नव्हे, पण गंज सुटतोय तिथे शिसंही सुटत असेल ही शंका रास्त.

मग आटे बसवलेले सांधे. आज टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तेव्हाचे प्लंबर ताग गुंडाळून वर सफेदा फासायचे. तो सफेदा म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेलं शिशाचं संयुग. सांधा उत्तम व्हायचा, चाळीस वर्षं थेंब गळायचा नाही. रस्त्यावरच्या जुन्या बिडाच्या लाइनीतही सांध्यांत वितळलेलं शिसं ओतायचे, पण तिथून पाणी सतत वाहत असतं आणि शिशाचा फारच थोडा भाग पाण्याला लागतो, त्यामुळे त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित चोर म्हणजे पितळी नळ. पितळ मशिनवर सहज कातलं जावं म्हणून त्यात मुद्दाम शिसं घालतात, साध्या पितळात शंभरात दोन-तीन भाग. वरची चकचकीत क्रोमची पॉलिश बाहेरून असते, पाणी वाहतं तिथे आत उघडं पितळच. आणि नवा नळ जुन्यापेक्षा जास्त शिसं सोडतो, कारण ताज्या कातलेल्या पृष्ठभागावर शिशाचे बारीक ठिपके उघडे पडलेले असतात. काही आठवड्यांत ते कमी होत जातं. म्हणून घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनीही ‘आमचं काय, आमचं घर नवं’ म्हणून निर्धास्त राहू नये. ताबा मिळाल्यावर पहिले काही आठवडे पिण्यासाठी पाणी घेण्याआधी नळ सोडून द्यावा.

प्लॅस्टिकचे पाइपही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पीव्हीसी उन्हाने आणि उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगं घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. 2021 मध्ये केंद्र सरकारने त्यावर नियम काढले. त्याआधी बसवलेला पांढरा-करडा पीव्हीसी पाइप गच्चीवर उन्हात तापत असेल तर तोही संशयितांच्या यादीत ठेवा.

एवढं वाचून घाबरायचं कारण नाही, कारण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यांना वेळ लागतो. वाहत्या पाण्यात शिसं उतरायला सवड मिळत नाही. रात्री दहाला नळ बंद केला आणि सकाळी सहाला उघडला, तर आठ तास तेच पाणी त्याच पाइपात, त्याच पितळात मुरत पडलेलं असतं. आपल्याकडे भांड्यातलं शिळं पाणी कोणी पीत नाही. सकाळी पिंप विसळून ताजं भरतात. पण नळ उघडल्यावर पहिलं जे येतं तेही शिळंच असतं, ते मात्र ताजं समजून थेट चहाच्या आधणात जातं.

आता तपासणी. इथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. आमची शिकवण जंतू तपासण्याची. त्यासाठी नळ स्वच्छ करायचा, तोंडाशी ज्योत फिरवायची, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मग निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यायचा. सुरुवातीची काही वर्षं मी धातूंसाठीही असाच नमुना घेत होतो आणि ‘शिसं आढळलं नाही’ असे अहवाल लोकांच्या हातात ठेवत होतो. अर्थात आढळणार नव्हतंच. जे शोधायचं तेच मी आधी मोरीत सोडून देत होतो. शिशासाठी नेमकं उलटं करायचं असतं, आणि आजही नमुना न्यायला येणारा मुलगा दुपारी बाराला येऊन, नळ धोधो सोडून बाटली भरताना दिसतो. म्हणून हे काम तुम्ही स्वतः करा.

प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली बघा, पण नुसतं ‘एनएबीएल आहे’ यावर थांबू नका. मान्यता प्रत्येक तपासणीची वेगवेगळी असते. फोनवर विचारा : पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी मान्यता आहे का, आणि तुम्ही कितीपर्यंत मोजू शकता? उत्तर 0.01 मिलिग्रॅम असं आलं तर दुसरीकडे जा. मर्यादाच 0.01 आहे, तर मोजणारं यंत्र त्याच्या बरंच खाली, निदान 0.002 पर्यंत तरी मोजू शकायला हवं. नाहीतर अहवालात ‘मर्यादेखाली’ एवढाच शब्द येतो आणि तुम्ही 0.009 वर आहात की 0.001 वर, ते कळत नाही. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या, आम्लाने धुतलेल्या असतात. मिनरल वॉटरची बाटली विसळून वापरू नका. बाटलीत आधीच चार थेंब ॲसिड घातलेलं असेल तर ती धुवायची नाही आणि मुलाच्या हाताशी ठेवायची नाही.

रात्री शेवटची भांडी घासून झाली की स्वयंपाकघरातल्या नळाला चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे सासूबाई पहाटे उठून पाणी घेणार नाहीत. निदान सहा तास तो नळ उघडायचा नाही. सकाळी पट्टी काढून, एक थेंबही न सांडता, पहिलं 250 मिली एका बाटलीत घ्या. लगेच पुढचं एक लिटर दुसऱ्या बाटलीत. मग पाच मिनिटं नळ सोडा, ते पाणी बादलीत धरा, आणि तिसरी बाटली भरा. नळाच्या तोंडाची जाळी काढायची नाही, नळ नेहमी जेवढा उघडता तेवढाच उघडायचा. बाटलीवर वेळ लिहा.

तीनच बाटल्या, पण त्या घरातल्या पाइपांचा नकाशा काढून देतात. अर्ध्या इंची पाइपात मीटरभर लांबीत साधारण 200 मिली पाणी मावतं. म्हणजे पहिली छोटी बाटली म्हणजे नळ आणि त्याच्या मागचा मीटरभर पाइप. दुसरी म्हणजे भिंतीतला पुढचा पाच-सहा मीटरचा पाइप. तिसरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि तिथून खाली येणारी लाइन. पहिलीत जास्त आणि बाकी दोन्हींत नगण्य आलं, तर दोषी नळ. पाचशे-हजारात प्रश्न मिटला. दुसरीत जास्त असेल तर भिंतीतला पाइप आणि त्याचे सांधे. तिसरीतही जास्त असेल, तरच सोसायटीच्या दारात जायचं. आणि तसं क्वचित होतं. गोखले रोडच्या मागच्या एका घरात पहिल्या बाटलीत मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं होतं आणि तिसरीत यंत्राला मोजता येईल एवढंही नव्हतं. नळ बदलून दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, पहिली बाटलीही स्वच्छ. त्या गृहस्थांनी त्याआधी आख्ख्या घराचं पाइपिंग बदलण्याचं कोटेशन घेऊन ठेवलं होतं.

अहवाल वाचताना एकक नीट बघा. काही ठिकाणी मिलिग्रॅममध्ये देतात, काही ठिकाणी मायक्रोग्रॅममध्ये. 0.01 मिलिग्रॅम म्हणजेच 10 मायक्रोग्रॅम. एक जण 4 हा आकडा बघून हबकून माझ्याकडे आले होते. ते 4 मायक्रोग्रॅम होते, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. पण तुमच्या बाबतीत, पोटात बाळ आणि घरात चार वर्षांचं मूल असताना, मी मर्यादेला लक्ष्मणरेषा मानणार नाही. शिशाची ‘इतकी मात्रा सुरक्षित’ अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शिसं शोषून घेतं. आकडा 6-7 मायक्रोग्रॅम आला, तर कागदावर तुम्ही पास, तरी नळ बदलायला पैसे घाला.

अहवाल यायला आठवडा जाईल. तोवर थांबायचं नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी सकाळी पहिल्या धारेचं घ्यायचं नाही. किती सोडायचं? घरातला पाइप अर्ध्या इंची असेल तर दोन-तीन लिटर पुरे. गच्चीपासूनची एक इंची लाइनही रिकामी करायची म्हटलं तर अर्धी बादली. ते पाणी ओतून द्यायचं नाही. लादी पुसायला, कपडे भिजवायला, कुंड्यांना वापरा. काही जण म्हणतात, आम्ही आधी अंघोळी करतो, तेव्हा पाइप आपोआप मोकळा होतो. जुन्या इमारतींत बाथरूमची आणि स्वयंपाकघराची उतरती लाइन बरेचदा वेगळी असते. तीन जणांच्या अंघोळी झाल्या तरी ओट्यावरच्या नळातलं पाणी जागचं हललेलं नसतं. याहून सोपी युक्ती म्हणजे संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर, नळ बराच वेळ चालू राहिलेला असतो तेव्हा, दुसऱ्या दिवशीचं पिण्याचं पाणी स्टीलच्या पिंपात भरून झाकून ठेवायचं. नळ येण्याच्या वेळेला धावत जाऊन हंडे-कळशा भरणाऱ्या पिढीने हे नकळत केलंच होतं.

उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तिथेच राहतं, म्हणजे प्रमाण थोडं वाढतंच. तुरटी, माठ, तांब्याचा हंडा, कँडलचा फिल्टर, नुसत्या यूव्ही दिव्याचा प्युरिफायर, यांतल्या कशानेही विरघळलेलं शिसं निघत नाही. गीझरचं गरम पाणी तर स्वयंपाकाला कधीच घेऊ नका. ‘गॅस वाचतो’ म्हणून गरम पाण्याचा कुकर लावणारी घरं मला माहीत आहेत. गरम पाणी धातू जास्त विरघळवतं, आणि ते टाकीत तासन्‌तास बसलेलं असतं.

आरओने शिसं बऱ्यापैकी निघतं, हे खरं. तरी तुमच्या 94 च्या पाण्याला मी तो पहिला उपाय म्हणून सांगणार नाही. मऊ पाण्यातले उरलेसुरले क्षारही काढायचे, शिवाय बरंच पाणी वाया घालवायचं, हे मला पटत नाही. आणि त्यात एक गोम आहे जी विकणारा सांगत नाही. बहुतेक मशिनांत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा कॉक असतो. आरओचं पाणी फार बेचव लागू नये म्हणून तो आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून न गेलेलं पाणी त्यात मिसळतो. आपल्याकडे मुळात क्षार कमी, त्यामुळे बसवणारा मुलगा तो कॉक सढळ हाताने उघडून ठेवतो. म्हणजे पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा शिसं काढणाऱ्या पडद्याला शिवतच नाही. घरात आरओ आधीपासून असेल तर सर्व्हिसवाल्याला तो कॉक पूर्ण बंद करायला सांगा, आणि मशिनच्या तोटीतलं पाणीही एकदा तपासा. तपासणीत शिसं भिंतीतल्या पाइपातून येतंय असं निघालं आणि पाइप लगेच बदलता येत नसेल, तर मात्र आरओ घ्या. माझी हरकत नाही.

नळ बदलायचा झाला तर स्टेनलेस स्टीलचा, 304 प्रतीचा घ्या. पितळी नळापेक्षा तो दिसायला साधा असतो, सासूबाई कुरकुरतील. घरातल्या घरात पाइप बदलायचा झाला तर सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक) किंवा स्टीलचा, आयएसआय मार्क आणि शिसंमुक्त असल्याचा उल्लेख बघून. काम झाल्यावर नळाच्या तोंडाची जाळी काढून पंधरा-वीस मिनिटं जोरात पाणी सोडा, आणि पुढचे काही आठवडे जाळी अधूनमधून धुवा. जुना पाइप कापताना हललेले गंजाचे कण तिथेच अडकून बसतात आणि येणारं प्रत्येक भांडंभर पाणी त्यांच्यातून गाळून येतं. हीच काळजी महापालिकेच्या शटडाउननंतर घ्यायची. रिकाम्या लाइनीत पाणी जोरात शिरलं की सगळा गाळ ढवळून येतो. पहिलं पाणी गढूळ दिसतं ते उगाच नाही.

सोसायटीचं दुखणं मला चांगलं माहीत आहे. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, खारकर आळी, कुठेही जा, उत्तर एकच : ‘रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?’ ते होणार-होणार म्हणत दहा वर्षं जातात आणि त्या दहा वर्षांत एक मूल पहिलीतून दहावीत जातं. कमिटीशी भांडू नका. तीन बाटल्यांचा अहवाल घेऊन जा. तिसऱ्या बाटलीत काही नसेल तर भांडण्याचं कारणच नाही. असेल, तर आकडा लेखी द्या आणि आख्ख्या इमारतीचं नव्हे, फक्त पिण्याच्या पाण्याची एकच उतरती लाइन बदलण्याचा प्रस्ताव ठेवा. बाहेरून, भिंतीवरून नेली तर फोडाफोड नाही, आणि खर्च मजल्यांत वाटला की विरोधही निम्मा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी तुमच्या घरी आलो असतो तर पहिल्यांदा तीच बघितली असती. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का? नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम असायला हवं. जुन्या इमारतींत मी आजवर जेवढे लोक पाण्याने आजारी पडलेले पाहिले ते जंतूंमुळे, शिशामुळे नव्हे. शिशाने माणूस दुसऱ्या दिवशी आजारी पडत नाही, म्हणून ही तुलना सरळ नाही, हे मान्य. तरी पाणी ठरावीक तास येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, शेजारून गटार वाहतंय आणि सांध्याला चीर असेल तर रिकामा पाइप बाहेरचं आत ओढून घेतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण तुटलेलं आणि त्यावर स्कूटर उभी, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही. क्लोरीन तपासायचा छोटा किट मिळतो, पाण्यात थेंब घालून रंग बघायचा. रंग आला नाही तर जंतूंची तपासणी शिशाच्या आधी करा, आणि तोपर्यंत पाणी उकळूनच प्या. हो, उकळायचं ते जंतूंसाठी, आणि उकळायला घ्यायचं ते पाइप मोकळा झाल्यानंतरचं पाणी. दोन्ही नियम एकत्र पाळता येतात.

आणि मुलाबद्दल. शिसं फक्त पाण्यातून येत नाही, आपल्याकडे तर बरेचदा पाण्यातून कमी आणि बाकीकडूनच जास्त येतं. 1968 च्या घरातल्या खिडक्या-दारांचा जुना ऑइलपेंट पापुद्र्याने सुटत असेल तर तो खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरगुती रंगांतल्या शिशावर 2017 पासून 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची, मर्यादा आहे, त्याआधीच्या थरांत काय आहे ते कोण सांगणार! सुटी, फार पिवळीधमक हळद टाळा. पिवळा रंग यावा म्हणून तिच्यात शिशाच्या क्रोमेटची भेसळ होते. सुरमा, शेंदूर, आणि कल्हईच्या नावाखाली कथलाऐवजी शिसं मिसळून लावलेली पितळी भांडी, हेही बघा. शिसपेन्सिलीची मात्र भीती नको. नावात शिसं असलं तरी आत ग्रॅफाइट असतं. दर शिबिरात एक तरी आई हे विचारतेच.

मुलाच्या रक्तातलं शिसं मोजता येतं. पाण्याचा किंवा रंगाचा संशय पक्का झाला तर बालरोगतज्ज्ञांना सांगून शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्या, नुसतं बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळून आकडा फसवू शकतो. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांनाही पाण्याचा अहवाल दाखवा. लोह आणि कॅल्शियमच्या ज्या गोळ्या त्यांनी दिल्या असतील त्या चुकवू नका. शरीरात ही दोन्ही कमी असली की शिसं जास्त शोषलं जातं.

रविवारी सकाळी घरात सगळे असतात आणि प्रयोगशाळा बंद असते, त्यामुळे नमुना सोमवारी पहाटे घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. अहवाल आला की तिन्ही आकडे, एककासकट, आणि रात्री नळ किती वाजता बंद केला होता ते कळवा. नळाच्या मागच्या पाइपाला चुंबक चिकटलं की नाही, तेही लिहा.